दार उचलल्याशिवाय कडी बसत नाही

दार आतून बंद होतं आणि माझ्या नातीचा आवाज थांबला होता.

ती ओरडत होती तोवर मी धावत होते.  मी दारावर दोन्ही हात आपटले. आत पत्र्याचा डबा पडला, काहीतरी सांडलं, आणि मग पुरुषाचा श्वास ऐकू आला, चढ चढून आल्यासारखा.

"उघड!" मी ओरडले. कुणी उघडलं नाही.

शेतावरच्या त्या खोलीचं दार माझ्या नवऱ्यानं बसवलेलं, आणि त्यानं केलेल्या सगळ्या कामांसारखं ते वाकडं होतं. वर्षानुवर्षं एका बाजूला लोंबत होतं. मी वाकले, दाराखालच्या फटीत दोन्ही हातांची बोटं घातली आणि दार वर उचललं. गुडघे कडकडले. दार उचललं की कडी सैल पडते हे मला ठाऊक होतं. खांद्यानं हिसका दिला. एकदा, दोनदा. तिसऱ्या हिसक्याला कडी कोयंड्यातून निसटली आणि मी दारासकट आत गेले.

संध्याकाळचे साडेपाच झाले होते. लोकांना वाटतं अशा गोष्टी अंधारात होतात. चांगला उजेड होता. माझ्या मागून ऊन आत शिरलं आणि सगळं स्वच्छ दिसलं. नात भिंतीला टेकून उभी होती. ती उभी आहे, हे मी आधी पाहिलं. मग बाकीचं. कुडत्याची बाही खांद्यापासून फाटलेली. गळ्यावर बोटांचे वळ. ओठाला रक्त, पण ते तिचं नव्हतं. ज्या हातानं त्यानं तिचं तोंड दाबलं होतं, त्या हाताला ती कडकडून चावली होती. जमिनीवर खडं मीठ सांडलेलं. त्यासाठीच ती आत गेली होती.

आणि तो, दोन वर्षं माझ्या हातचं जेवणारा मुलगा, मला बघितल्याबरोबर पेंढ्यावर मटकन बसला. हात जोडले आणि म्हणाला, "आजी, मला काय कळलंच नाय गो. जास्त झाली."

जाळ सारायची काठी मी दारात टाकली होती. ती उचलली आणि त्याच्या खांद्यावर हाणली. एकदाच. दुसऱ्यांदा हात वर गेला तेव्हा नात म्हणाली, "आजी, घरी चल."

हे एवढंच असतं तर लिहायला बसले नसते. पण मला बसवत नाही. उठते, पाणी पिते, ओट्यावरचं पुसलेलं परत पुसते, घराच्या कड्या बघून येते. दुपारी जरा पडले की कानात तीच कडी वाजते. म्हणून म्हटलं, जे झालं ते आहे तसं लिहून ठेवावं. मी चौथी शिकले आहे, तेवढ्यात जमेल ते.

मी अष्टमीत राहते. पूल ओलांडला की रोहा. मुलगा पेणला असतो, डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला आहे, शिफ्टवर. त्याची मुलगी कॉलेजसाठी माझ्याकडे राहायला आली, तिचं शेवटचं वर्ष चालू होतं. मी कॉलेजच्या मुलांना डबे द्यायचे. गावोगावची मुलं, खोल्या घेऊन राहणारी. त्यांच्यातली सहा माझी कायमची. दुपारी डबा नेतात, संध्याकाळी परत आणून देतात, धुवायचा कंटाळा करतात, मी शिव्या देते, ते हसतात. असं चाललं होतं.

तो त्या सहांतला. सगळ्यांत नीटनेटका. डबा एकटा तोच धुऊन आणायचा. माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या संपल्या की न सांगता आणून द्यायचा. सणाला पाया पडायचा. मी चारचौघांत सांगायचे की पोरगा असावा तर असा. हेही मीच सांगितलेलं.

थंडी पडली की आमच्याकडे पोपटी लावतात. बाहेरच्यांसाठी सांगते. मातीचं मडकं घ्यायचं, तळाला भांबुर्डीचा पाला घालायचा. तो बांधावर उगवतो, वास उग्र. त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, खडं मीठ, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावलेली कोंबडी, वर परत पाला ठासायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडकं तोंडावर पालथं ठेवायचं आणि भोवती पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. एकच नियम: जाळ लावला की लावणाऱ्यानं जागचं हलायचं नाही. एका बाजूला जाळ कमी झाला की शेंगा कच्च्या, जास्त झाला की कोळसा. आणि मध्ये मडकं उघडलं की गेली वाफ, गेली पोपटी. झाली का ते बघायला मडक्यावर पाणी शिंपडतात. चर्र होऊन पटकन उडून गेलं की झाली.

मी लहानपणापासून पोपटी लावते. माझी पोपटी कधी बिघडली नाही.

खांब गावाच्या अलीकडे, हायवेपासून आत, आमचा भाताचा तुकडा आहे. भात निघालं की त्यात वाल. मुलं महिनाभर मागे लागली होती.

"आजी, एकदा तरी लाव ना. तुझ्या हातची पोपटी म्हणजे विषय हार्ड!"

"मऊ कर मग," मी म्हटलं. "लाकडं तुम्ही आणायची. मी म्हातारी वाकणार नाय."

मग एकजण डोकं खाजवत म्हणाला, "आजी, आणि ते... थोडं चालेल का?"

थोडं म्हणजे काय ते मला कळलं. मी म्हटलं, "हायवेला गाड्यांवर बसून ढोसण्यापेक्षा माझ्या डोळ्यांपुढं प्या. पण माझ्या शेतात ओकलात तर ते तुमच्याकडूनच उचलून घेईन." सगळे हसले. मीही हसले. मला वाटलं, मी फार शहाणपणाचं बोलले. पुरुषमाणूस पिणारच, मग नजरेखाली पिऊ दे. आमच्या बायकांचं हे ठरलेलं शहाणपण आहे.

नातीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, मी नाय येणार. पिल्यावर ही पोरं कशी तरी बघतात."

"बघितलं तर काय झिजतेस? शेंगा कोण धुणार? मला एकटीला होणार नाय."

हे माझे शब्द. मी ते बदलून लिहू शकते, कोण बघायला येणार आहे. बदलत नाही.

रविवारी दुपारी गेलो. मी आणि नात रिक्षानं, मुलं बाइकवर. दोघी शेंगा तोडायला बसलो. मुलं कोंबडी घेऊन खोलीत कापायला बसली, तर शेजारचा कुत्रा वासानं आला आणि दारात घुटमळायला लागला. मी बांधावरून ओरडले, "अरे, आतून कडी लावा!"

दाराशी तोच होता, डबा धुऊन आणणारा. ओढून बघितलं, कडी बसेना. परत ओढलं.

"आजी, बसत नाय!"

"नुसतं ओढून नाय बसायची. एका हातानं दार उचलून धर, मग दुसऱ्या हातानं कडी टाक."

तिसऱ्या वेळेला बसली. मी कडीचा आवाज ऐकला, खणकन, आणि म्हटलं, "शिकलास!" आतून सगळे हसले.

चार वाजता मडकं भरून झालं. बाटल्या निघाल्या. स्टीलचे पेले माझेच, घरून नेलेले, कारण प्लास्टिक मला आवडत नाही. प्यायले तसे आवाज वाढले. एकाला गाणं आठवलं, ते त्याला येत नव्हतं. एक जाडा मुलगा आहे, तो बांधावर पालथा पडून म्हणाला, "मी पोपटी, मला पण जाळ लावा." मी म्हटलं, "तुला तीन मडकी लागतील." नात हसली. डबा धुऊन आणणारा तो मात्र हसला नाही. तो नातीकडे बघत होता. मी ते पाहिलं. पाहिलं आणि जाळाकडे बघितलं.

पाच वाजून गेले असतील. मी म्हटलं, "शेंगा काढल्यावर वरून मीठ लागेल, डबा खोलीत राहिला." नात उठून गेली. मी पाठवलं म्हणून गेली.

थोड्या वेळानं जाळाच्या पलीकडून, वाऱ्यावर, मी कडी ऐकली. खणकन. एकदाच.

ते ऐकून माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. मनात आलं, कुत्रा आला असेल. मनात आलं, पाणी मारून बघू, झालीच आहे, मग जाऊ. मी तांब्यातलं पाणी मडक्यावर शिंपडलं. चर्र झालं. परत थोडं शिंपडलं, दुसऱ्या बाजूला. खालची लाकडं काठीनं बाजूला सारली. तेवढ्यात तिची किंकाळी आली. मी काठीसकट धावले, पोरं नुसती बघत राहिली.

किती वेळ गेला? दोन मिनिटं? तीन? पोपटी लावणारीनं हलायचं नाही, म्हणून मी हलले नाही. ती पोपटी चांगली झाली असणार. कुणी खाल्ली नाही. ते मडकं तसंच पालथं राहिलं, पावसापर्यंत.

घरी आलो. मुलगा पेणहून तासाभरात आला. त्यानं मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग भिंतीकडे. म्हणाला, "हिचे कपडे भर. उद्या पेणला. कॉलेज बस झालं."

नात म्हणाली, "परीक्षा तीन महिन्यांवर आलीय."

"परीक्षेचं मला सांगू नको."

"मी उद्या पोलीस ठाण्यात जाणार हाय."

"गावात तोंड दाखवायला जागा ठेवणार हायस का नाय?"

"माझं तोंड ठीक हाय," ती म्हणाली. ओठ सुजला होता तरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती ठाण्यात गेली. मी बरोबर. मुलगा बाहेर बाइकवर बसून राहिला, आत आला नाही, पण थांबला. तिनं सगळं सांगितलं, लिहून घेतलं गेलं. तिला दवाखान्यात नेलं. त्याला त्याच दिवशी उचलला. माझा जबाब चार दिवसांनी घ्यायचा ठरला. मधले चार दिवस मी घरात येरझारा घालत होते. डबे बंद केले. भाताला पाणी किती घालायचं ते विसरायला झालं.

तिसऱ्या दिवशी त्याची आई आली, बरोबर तिचा भाऊ. बाई माझ्या मुलाच्या वयाची. आल्या आल्या पायावर पडली. तिला उठवायला मी वाकले नाही, पण पाय मागेही घेतले नाहीत.

"माझा पोरगा असा नाय हो आजी. तुम्ही त्याला दोन वर्षं बघताय. दारूनं केलं. त्याला शुद्ध नव्हती."

"नात माझी शुद्धीत होती," मी म्हटलं. "तिला सगळं आठवतं."

मामा समजूतदार माणूस होता. खुर्ची पुढे ओढून हळू बोलायला लागला. "मावशी, तुमचं पण वय झालं. उद्या विचारतील, पोरांना दारू कुणी प्यायला दिली? पेले कुणाचे? शेत कुणाचं? नाव तुमचं येणार. तुम्ही एवढंच सांगा, पोरं लपवून प्यायली, मला म्हायती नाय. पोरगा प्यायलेला होता, त्याला भान नव्हतं. एवढंच. तुमच्यावर काय येणार नाय आन पोराचं पण आयुष्य वाचेल. खोटं कुठं हाय त्यात?"

मला ते पटलं. पटलं नाही असं म्हणणार नाही. रात्री जेवताना मी तेच वाक्य मनात बोलून बघत होते: मला म्हायती नाय, त्याला भान नव्हतं. किती सोपं वाक्य. माझ्या तोंडाला त्याची सवय होती.

माझा नवरा प्यायचा. आम्ही खाडीकडचे, त्याचं सगळं तारुण्य मिठागरावर गेलं. संध्याकाळी पिऊन यायचा आणि मारायचा. मारून झालं की बाकीचं. त्याला त्या वेळी कुणी नाव देत नव्हतं, नवरा होता. सकाळी सासू चहा देताना म्हणायची, "त्याला काय कळतं गो, दारू बोलते." मी तेच शेजारणीला सांगायचे. शेजारीण मला तिच्या नवऱ्याचं सांगायची. सगळ्या आळीत पुरुष एकही वाईट नव्हता, फक्त दारू वाईट होती.

त्या रात्री ताट घासताना मला कंदील आठवला. आमच्याकडे वीज नव्हती तेव्हाची गोष्ट. नवरा घरात आला की मारायच्या आधी कंदील उचलायचा आणि कोनाड्यात ठेवायचा. काच फुटू नये म्हणून. काच शहरातून आणावी लागायची. किती का प्यायलेला असो, पाय लटपटत असोत, कंदील आधी कोनाड्यात. इतक्या वर्षांत एकदाही काच फुटली नाही. आणि मिठागरावरच्या मुकादमाला, जो याला आईवरून शिव्या द्यायचा, त्याला यानं कधी बोटही लावलं नाही. पिऊन कधी चुकून दुसऱ्याच्या घरात शिरला नाही. त्याचं भान एवढं नीट होतं.

मी ते रोज बघत होते. बघून चाळीस वर्षं सासूचं वाक्य बोलत होते.

दुसऱ्या दिवशी तो जाडा मुलगा डबा परत द्यायला आला. धुतलेला. दारातच उभा राहिला.

"ये आत. खाणार नाय मी तुला."

"नको आजी." मग तो चपलेकडे बघत बोलला. "तो आधीच बोलला होता. शेतावर यायच्या आधी, रूमवर. बोलला, आज दोन-तीन पेग मारतो आन तिच्याकडं जातो. नाय बोलली तर सांगू प्यायलो होतो, सकाळी सॉरी बोललं की झालं."

"आन तुम्ही काय बोललात?"

"काय नाय. हसलो."

"तू पण?"

"मी पण. आम्हाला वाटलं, बोलतात सगळेच तसं. मागच्या वर्षी एकानं असंच कायतरी केलेलं गॅदरिंगला. त्यानं पण सॉरी बोललं. मिटलं."

"कुणाचं मिटलं?"

त्यानं डबा उंबऱ्यावर ठेवला.

"तू पण प्यायला होतास ना? तू का नाय गेलास तिच्या मागं?"

"मला तसं... मी कशाला जाऊ?" त्याला प्रश्नच समजला नाही. त्याचं तोंड बघून मला कळलं. त्याच बाटल्यांतली सहाजण प्यायले. एकाला गाणं आठवलं, एक मडकं झाला. एकानं दाराला कडी लावली. दारूनं त्याला शिकवलं नव्हतं. दारू त्यानं आधीच खिशात घातलेल्या माफीसारखी आणली होती. आणि ती ओतायला पेला मी दिला.

"हे ठाण्यात सांगशील?"

"बापाला विचारतो," तो म्हणाला आणि गेला.

जबाबाच्या दिवशी नात माझ्या शेजारी बसली होती. मला ते नको होतं. मी तिला म्हटलं, बाहेर थांब. ती म्हणाली, "माझ्या वेळेला तू होतीस ना." समोर पोलीस बाई होत्या, तरुण, केस घट्ट बांधलेले. त्यांनी विचारलं, दारू कुणी आणली.

"पोरांनी. पण मला विचारून. मी हो म्हटलं. पेले माझे."

माझा मुलगा दाराशी उभा होता, त्यानं मान फिरवली.

"त्या मुलाला भान होतं का, तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचं काय त्यात. त्या खोलीचं दार लोंबतं. नुसतं ओढून कडी बसत नाय. एका हातानं दार उचलून धरायचं आन दुसऱ्या हातानं टाकायची. दुपारी मीच त्याला सांगितलं. शुद्धीत होता तेव्हा त्याला तीन वेळा करावं लागलं. संध्याकाळी पहिल्या वेळेलाच बसली. ज्याला भान नसतं त्याला दार सापडत नाय, बाई. ह्याला कडी सापडली."

बाईंचं लिहिणं थांबलं. "पहिल्याच वेळेला बसली, हे तुम्हाला कसं कळलं?"

इथे यायचंच होतं. मला चार दिवस ठाऊक होतं की कडीचं सांगितलं की हा प्रश्न येणार. आणि कडीचं नाही सांगितलं तर तो शुद्धीत नव्हता एवढंच राहणार.

"मी ऐकली."

"कडी लागल्याची ऐकली? मग तुम्ही काय केलंत?"

नात माझ्याकडे वळली. तिचा श्वास मला ऐकू आला.

"मडक्यावर पाणी मारलं," मी म्हटलं. "पोपटी झाली का बघायला. दोनदा. मग ही ओरडली, तेव्हा धावले."

बाईंनी ते लिहिलं. मला वाचून दाखवलं. मी सही केली, अंगठा नाही.

बाहेर आल्यावर नात पुलापर्यंत भराभर चालली. पुलावर थांबली. खाली कुंडलिका नदीचं पाणी होतं, ओहोटीचं, गढूळ.

"तू ऐकलंस?"

"ऐकलं."

"मी आत पहिल्यांदा हळू बोलत होते. समजावत होते त्याला. मला वाटत होतं आजी बाहेर हाय, ती येईल. कडी वाजली ती तिनं ऐकली असेल. म्हणून मी आधी ओरडले नाय."

  तिनं माझ्याकडून काही मागितलं नाही. ती पुढे चालायला लागली, मी मागे.

ती माझ्याशी दीड महिना बोलली नाही. "जेवण झालं," "दार लावते," एवढंच. पण माझ्या घरातून गेली नाही. मुलगा तिला न्यायला परत आला, तेव्हा मी मध्ये उभी राहिले. म्हटलं, "चूक माझी झाली. कोंडायचं तर मला ने पेणला आन कोंड. तिनं काय केलं?"

"आई, लोक काय काय बोलतात तुला म्हायती नाय."

"म्हायती हाय. माझ्यासमोर बोलतात. तू शिफ्टला जातोस, तुझ्यामागं बोलतात."

नात आतून पिशवी घेऊन आली. त्याला वाटलं कपड्यांची. पुस्तकांची होती. "पप्पा, माझं प्रॅक्टिकल हाय, सोडता का पुलापर्यंत?" तो तिच्याकडे बघत राहिला. मग बाइकची चावी घेतली. पुलापर्यंत म्हणाली होती, त्यानं कॉलेजच्या गेटपर्यंत सोडलं. तिथे थांबून राहिला, असं तिनं नंतर सांगितलं. आत जाईपर्यंत.

जाडा मुलगा उशिरानं, पण बापाला घेऊन ठाण्यात गेला आणि बोलला. बाकीच्या चौघांना काहीच आठवत नाही, ते प्यायले होते. ज्यानं केलं त्याला कॉलेजनं काढलं. तो जामिनावर बाहेर आहे. केस चालू आहे, तारखा पडतात. तारखेला मी जाते. त्याची आई बाकावर पलीकडे बसते. मागच्या वेळी मला म्हणाली, "आजी, आपल्या दोघींवर काय वेळ आली बघा." रस्त्यात बायका थांबवतात, "या वयात तुमच्यावर हे बघायची वेळ आली गो." मी आधी मान हलवायचे. आता हलवत नाही.

मुलांचे डबे परत सुरू केले नाहीत. खोलीचं दार मी काढून टाकलं. सुताराला बोलावलं नाही, स्वतः कुऱ्हाडीनं बिजागऱ्या तोडल्या. पेंढा उघड्यावर भिजतो, भिजू दे. तरी रात्री उठून घरच्या कड्या बघते. नात म्हणते, "आजी, लावलीय, झोप." बोलते आता.

वेळ माझ्यावर आली नाही. त्याच्या आईवर नाही, माझ्या मुलावर नाही, कॉलेजवर नाही. आम्ही सगळे दाराबाहेर होतो. आत माझी नात होती, वीस वर्षांची. तिनं परीक्षा दिली, पास झाली, आता तिला एकविसावं पूर्ण झालं.